सात नंबरची आडफळी

अळिंबीला उजेड लागत नाही, हे मला त्या वर्षी कळलं. आमच्या शेताला मात्र पाणी लागत होतं, आणि ते वरून पडायचं नाव घेत नव्हतं. विहिरीत बादली सोडली की दगडावर आपटल्याचा आवाज यायचा. दोन्ही गाई विकल्या त्या दिवशी आमचे हे रिकाम्या गोठ्याच्या दारात बसून दोरखंडच गुंडाळत राहिले. बोलून काय गाई परत येणार होत्या?

पुढच्या आठवड्यात म्हणाले, "कारखान्यात माणसं घेतायत. नवरा-बायको दोघं चालतात."

कारखाना म्हणजे गावाबाहेरचा दारूगोळ्याचा. लढाई संपून तीस वर्षं झाली, तेव्हापासून बंद होता. आता एका मालकाने सरकारकडून तो भाड्याने घेतला होता, अळिंबी पिकवायला. त्याला सगळे छत्रीवाला म्हणायचे. पावसाचा थेंब नाही आणि हा बाबा काखेत छत्री मारून फिरतोय! म्हणे ऊन सोसत नाही. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, पण पगार वेळेवर द्यायचा, हे खरं.

घरात तिसरं माणूस यांच्या आत्या. यांची आई बाळंतपणातच गेली. आत्यांनी यांना लहानाचं मोठं केलं. स्वतःचं लग्न केलं नाही. खरं तर झालंच नाही, पण ते पुढे सांगते. आम्ही कामाचं सांगितलं तेव्हा आत्या बियाणं निवडत होत्या. हात थांबला.

"कोणत्या शेडमध्ये?"

"देतील त्या," हे म्हणाले.

"सातमध्ये नको."

"का गं?"

"ओल असते तिथे," असं म्हणून त्या पुन्हा निवडायला लागल्या. मला वाटलं, बाई संधिवाताच्या काळजीने बोलतेय.

अशा शेडा मी आधी कधी बघितल्या नव्हत्या. लांबलचक, बुटक्या, एकेक दार आणि खिडकी एकही नाही. प्रत्येक शेडभोवती छपराएवढा उंच मातीचा बांध. स्फोट झालाच तर तो वर जावा, शेजारच्या शेडला लागू नये, म्हणून. दारावर आकडे रंगवलेले. एक, दोन, आणि मग एकदम चार. तीन नंबरच्या जागी बांध होता, आत शेड नव्हती. नुसता खड्डा, आणि त्यात पाणी. सगळ्या गावाच्या विहिरी कोरड्या आणि इथे पाणी! पण एक पाखरू त्यावर उतरत नव्हतं. सकाळी ते पाणी साधं दिसायचं, आणि ऊन चढलं की गुलाबी व्हायचं. छत्रीवाल्याला वाटायचं पंप लावून ते शेडांत घ्यावं. मी म्हटलं, मालक, आधी तुम्ही पेलाभर पिऊन बघा. मग त्याने तो विषय सोडला.

आणि प्रत्येक दारात ती आडफळी. उंबऱ्याच्या जागी गुडघ्याएवढी उंच लाकडी पेटी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी. अख्ख्या पेटीला लोखंडाचा एक खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. वरची फळी बसून बसून गुळगुळीत झालेली. आत जायचं तर ती ओलांडायची, आणि आम्ही ती ओलांडायचो ओल्या भुश्शाची पोती उचलून, दिवसातून साठ-सत्तर वेळा. संध्याकाळी कंबर म्हणायची, बाई गं, आता पुरे.

काम तसं सोपं. भुस्सा भिजवायचा, पोत्यात दाबायचा, पोती टांगायची, फवारा मारायचा. मग पोत्याच्या भोकांतून पांढरी डोकी बाहेर येतात. ती ओढायची नाहीत, पिळून काढायची. अंधारात शेकडो पांढरी डोकी आपल्याकडे बघतायत असं पहिले दोन दिवस वाटतं. मग सवय होते. माणसाला कशाचीही सवय होते.

आम्हाला नेमकी सातच मिळाली. पीक तिथे सगळ्यांत जोरात यायचं.

आठवड्याभराने तोंड कडू व्हायला लागलं. आधी मला वाटलं पित्त झालं. मग एका सकाळी यांनी चहाचा कप खाली ठेवला. "साखर घातलीयेस की नाही?"

"तीन चमचे घातलीय. मधमाशा जमतील कपावर."

"मग कडू का लागतोय?"

मलाही कडूच लागत होता.

दुसरी गोष्ट अशी, की सातमध्ये गेल्यावर आम्ही हळू बोलायला लागलो. मी काही हळू बोलणारी बाई नाही. माझी हाक तीन शेतं ओलांडून जाते, सासरी आल्यापासून हाच माझा लौकिक. पण त्या दारातून आत गेलं की आवाज आपोआप खाली यायचा. आणि मी आडफळी ओलांडत नव्हते. एक दिवस माझं माझ्याच लक्षात आलं. मी तिच्यावर बसत होते, बाहेरच्या बाजूला चपला काढत होते आणि दोन्ही पाय उचलून आत वळवत होते. कोणी शिकवलं नव्हतं. लक्षात आल्यावर मी मुद्दाम चपला घालून आत गेले. मेलं, घाबरायचं कशाला! चार पावलं टाकली आणि अंगावर असा काटा आला, की निमूट परत येऊन चपला काढल्या.

मग केसांतल्या पिनांचं झालं. दुपारी केस सुटायचे. पिन कुठे पडली म्हणून शोधायची, तर आडफळीच्या बाहेर, भिंतीच्या कडेला, सगळ्या पिना ओळीने ठेवलेल्या. माझ्याच. मीच ठेवलेल्या असणार, दुसरं कोण होतं तिथे? पण ठेवल्याचं आठवत नव्हतं.

एकदा भर दुपारी मी आत एकटी होते. हे भुस्सा आणायला गेलेले. मागच्या टोकाकडून पावलं आली. चपलांची नव्हे, अनवाणीही नव्हे. कापडी तळव्यांची, मऊ, एका माणसाची नाहीत, बऱ्याच जणींची. पोत्यांच्या दोन रांगांमधून ती आली, माझ्या जवळून गेली आणि आडफळीपाशी थांबली. मग एकामागून एक लाकूड कुरकुरलं, बसल्यावर कुरकुरतं तसं. मी फवारा घट्ट धरून उभी राहिले. हे आले तेव्हा अर्धी टाकी माझ्याच पायांवर रिकामी झाली होती.

"काय झालं?"

"काही नाही. पाय धुतले."

त्या संध्याकाळी मी आत्यांपाशी कडू चवीचा विषय काढला. त्यांनी माझे दोन्ही हात ओढून घेतले, वास घेतला आणि नखं उजेडात धरून बघितली.

"पिना काढून जातेस का आत?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही."

आत्यांनी माझे हात साबणाने तीन वेळा धुतले, लहान मुलाचे धुवावेत तसे. आणि मग, आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पहिल्यांदा कारखान्याबद्दल बोलल्या.

एकोणीस वर्षांच्या होत्या. गावातल्या सगळ्या धडधाकट मुली तिथे होत्या, पुरुष लढाईवर. काम तोफगोळ्यात पिवळी पूड भरायचं. आत जाताना झडती. पिन, अंगठी, बटण, काडेपेटी, काहीही चालायचं नाही, कारण एक ठिणगी पुरे. आडफळीवर बसायचं, बाहेरचे जोडे बाहेर, पाय आत, मग आतले कापडी जोडे. बाहेर येताना पुन्हा झडती, केसांत बोटं घालून, तोंड उघडायला लावून. पूड अंगाला लागून हात, चेहरा, केस, सगळं पिवळं व्हायचं आणि जेवण कडू लागायचं. आत्यांचं लग्न ठरलेलं होतं. मुलाची आई बघायला आली, हळदीच्या गाठोड्यासारखी मुलगी बघून दारातूनच परत गेली. रंग वर्षभरात उतरला, पण गावाने ठेवलेलं नाव उतरलं नाही. पिवळी ती पिवळीच.

"आणि तीन नंबर?" मी विचारलं.

"अकरा जणी होत्या आत," आत्या म्हणाल्या. "समोरच्या शिंपिणीची धाकटी बहीण त्यांतलीच."

आमच्या घरासमोर शिंपीण राहायची, आत्यांच्याच वयाची. रस्ता एवढा अरुंद की तिच्या मशीनचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. पण दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. आत्या दारात आल्या की ती आत जायची. ती बाहेर आली की आत्या दार लोटायच्या. मला वाटायचं, जुनं भांडण असेल. दोन घरांमध्ये रस्ता असला की भांडण असतंच. त्या दिवशीही मी तेवढ्यावरच समाधान मानलं. आत्या उठून गेल्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर छत्रीवाल्याला मोठी मागणी आली. दुप्पट माल हवा. तो सातच्या दारात उभा राहून आम्हाला पोती उचलताना बघत होता.

"ही फळी काढून टाका," छत्रीच्या टोकाने आडफळीवर टकटक करत तो म्हणाला. "हातगाडी थेट आत गेली पाहिजे. सहाही शेडांतल्या काढा. सुरुवात इथून." आणि यांच्याकडे बघून, "हे जमवलंस तर मुकादम तू. बारा महिने काम."

बारा महिने काम! पाऊस पडो न पडो. त्या संध्याकाळी यांचा चेहरा उजळलेला होता, कितीतरी दिवसांनी. जेवताना सांगत होते, खुंट्या फुगून घट्ट बसल्यात, हाताने निघायच्या नाहीत, पहार घालून एका दणक्यात उचकटतो.

आत्यांच्या हातातलं ताट पडलं.

"पहार घालू नकोस."

"का?"

"नको म्हणते ना. राहू दे ती फळी."

"अगं पण का? कारण सांग."

आत्यांचे ओठ हलले. "ओल आहे तिथे."

"काय ओल ओल लावलंयस!" हे ओरडले. आत्यांवर ओरडलेले मी कधी ऐकले नव्हते. "दोन वर्षं झाली हात हलवत बसलोय. गाई गेल्या. पोती उचलून उचलून ही वाकडी झाली माझ्या डोळ्यांदेखत. आता कुठे बरं चाललंय, तर तुझं हे! कारण असेल तर सांग, नाहीतर गप्प बस."

आत्या गप्प बसल्या. मला यांचाही राग आला आणि त्यांचाही. आता वाटतं, मी तेव्हाच खोदून विचारायला हवं होतं.

सकाळी हे पहार खांद्यावर टाकून पुढे गेले. मी डबा भरून निघाले तर आत्या दारात उभ्या. चौकट दोन्ही हातांनी धरलेली.

"सूनबाई, थांब. मला बोलायचंय, आणि मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्याने व्हायचं नाही."

मी थांबले.

"पूड सांडणं हा गुन्हा होता. जिच्या हातून सांडली ती घातपाती. तिला शिपाई घेऊन जायचे. दोघींना नेलेलं मी बघितलं होतं. एक दिवस माझ्या हातून सांडली. ओंजळभर. कोणी बघितलं नाही. मी डोक्याच्या फडक्याचा तुकडा फाडला, त्यात भरली, गाठ मारली. बाहेर नेता येईना, झडती होती. कोणाचं लक्ष नसायचं असा एकच क्षण होता, आडफळीवर बसून जोडे बदलताना. सगळ्याच वाकलेल्या असतात. मी ती पुडी फळीच्या फटीतून खाली ढकलली. सातमध्ये." त्यांनी श्वास घेतला. "आणि मग पुन्हा एकदा सांडली. तीनमध्ये. तिथेही तेच केलं. दुसऱ्या दिवशी माझी पाळी बदलली. आणि तीन उडालं."

मी डबा छातीशी धरून ऐकत होते.

"अकरा जणी गं," आत्या म्हणाल्या. "रोज सकाळी समोरचं मशीन सुरू होतं आणि मला ऐकावं लागतं. आता ते पोर तिथे लोखंड घालायला गेलंय, आणि मी रात्रभर विचार करत बसले की सांगू की नको. बघ कशी बाई आहे मी."

डबा तिथेच टाकला. आम्ही दोघी पळालो. एकावन्न वर्षांची बाई माझ्यापुढे पळत होती.

फाटकातून वळलो तेव्हा सातच्या दारात हे दिसले. पहारीचं टोक फटीत घुसवलेलं, अंगाचा भार टाकायला पाय रोवलेले. बाजूला छत्रीवाला.

"हात काढ!"

तो आत्यांचा आवाज आहे हे मला आधी कळलंच नाही. हुकूम होता तो. यांचे हात असे सुटले की पहार जागच्या जागी थरथरत राहिली.

"लोखंडाला हात लावू नकोस. मागे हो. जोडे काढ. काडेपेटी आहे खिशात? तिकडे फेक, लांब, बांधापलीकडे." मग छत्रीवाल्याकडे वळून, "खाली दारू आहे, मालक."

छत्रीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. जाताना छत्री तिथेच पडली. एवढ्या उन्हात त्याला तिची आठवणही झाली नाही.

आत्यांनी पिना काढल्या, झग्याची बटणं तोडून माझ्या हातात दिली. फवाऱ्याची टाकी मागवली आणि फटीत पाणी सोडलं. एक टाकी, दुसरी, तिसरी. तास गेला असेल. मग यांना म्हणाल्या, "बांधामागे जा."

"आत्या, मी काढतो. तू सांग कसं ते."

"तुला मी वाढवलाय तो यासाठी नाही. जा म्हणते ना!"

हे गेले. मला जा म्हणाल्या नाहीत, की विसरल्या, कोण जाणे. मी बांधाच्या कोपऱ्यात बसून बघत राहिले. त्यांनी पहार दोन्ही हातांनी धरली आणि केसभर केसभर वर ओढली. मग ओल्या खुंट्यांवर लाकडाच्या ठोकळ्याने हलके हलके मारत एकेक खुंटी काढली. फळी उचलली आणि भिंतीला टेकवली. खाली बघितलं.



"सूनबाई," त्या म्हणाल्या, "इकडे ये. अनवाणी ये. मला नीट दिसत नाहीये."

मी गेले. पेटी भरलेली होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, फडक्याच्या पुड्याच पुड्या. लिंबाएवढ्या, मुठीएवढ्या, काही सुपारीएवढ्या. निळ्या फडक्याच्या, ठिपक्यांच्या, कोणाच्या बाहीच्या कापडाच्या. प्रत्येकीची गाठ वेगळी. एकीने तर सुबक फूल बांधलं होतं. पाण्याने भिजून सगळ्यांतून पिवळं पाझरत होतं.

"माझी एकच होती गं," आत्या म्हणाल्या. "एकच. मला वाटलं..." आणि त्या तिथेच खाली बसल्या. त्या रडत नव्हत्या. थंडी वाजल्यासारखे दात वाजत होते त्यांचे, भर उन्हाळ्यात.

छत्रीवाल्याने तालुक्याला फोन केला. लष्कराची माणसं चार वाजेपर्यंत येतील, तोवर कोणी जवळ जाऊ नका, असं कळलं. आम्ही आत्यांना उठवायला बघितलं. त्या उठेनात. शेवटी हेही बांधाशी त्यांच्या शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेऊन. जो माणूस आदल्या रात्री ओरडला होता, तो त्यांच्या बोटांवरचा पिवळा रंग आपल्या सदऱ्याने पुसत होता.

बातमी गावात कशी गेली ते माहीत नाही. आमच्यापैकी कोणी गावाकडे गेलं नव्हतं. पण दुपारी, ऊन डोक्यावर असताना, फाटकातून एक बाई आत आली. मग दुसरी. पन्नाशीच्या, साठीच्या. पोस्टमनची बायको, दूधवाली, शाळेतली निवृत्त बाई. बरोबर अशी कोणीच आली नव्हती. एकीच्या मागे वीस पावलांवर दुसरी. सगळ्या अनवाणी. सगळ्यांचे केस मोकळे, एक पिन नाही कोणाच्या डोक्यात. त्या यायच्या, पेटीत बघायच्या, आणि दूर होऊन एकेकट्या उभ्या राहायच्या. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी यांना हळूच म्हटलं, "या आपल्याच गावातल्या आहेत ना हो?"

आठवी आणि शेवटची शिंपीण होती. ती पेटीपाशी सगळ्यांत जास्त वेळ थांबली. वाकून एकेक पुडी बघत गेली, हात न लावता. मग ती आत्यांसमोर येऊन उभी राहिली. आत्यांनी मान खाली घातली.

"यातली तुझी कोणती?" शिंपिणीने विचारलं.

"दिसली नाही. खाली असेल." आणि मग आत्या वर न बघता म्हणाल्या, "तीनमध्येही होती एक. आदल्या दिवशीची. तुझ्या बहिणीला मी मारलं. आज तुझ्या तोंडावर सांगते."

शिंपिणीच्या तोंडातून आवाज आला, सुई टोचल्यावर येतो तेवढाच.

"मी दोन टाकल्या होत्या तीनमध्ये," ती म्हणाली. "मला वाटायचं, तू बघितलंयस. म्हणून तू दार लोटतेस. सख्ख्या बहिणीची मारेकरीण समोर राहते, म्हणून."

आत्यांनी मान वर केली. तीस वर्षांनी त्या दोघी एकमेकींकडे बघत होत्या. मागून पोस्टमनची बायको म्हणाली, "तीनमध्ये माझीही होती." दूधवालीने नुसता हात वर केला. शाळेतल्या बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मग कोणाची?" शिंपिणीने विचारलं. "कोणाची होती गं ती?"

"आता कोण सांगणार?" आत्या म्हणाल्या, आणि सरकून तिला शेजारी जागा केली. ती बसली. मग बाकीच्याही आल्या, एकीला एक खेटून बसल्या. चार वाजेपर्यंत त्या तिथेच होत्या. मी पाणी दिलं ते प्यायल्या.

लष्कराची गाडी बांधाबाहेर थांबली. तरुण साहेब होता, लढाईनंतर जन्मलेला. पेटीत बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. घाबरला होता बिचारा, म्हणूनच आवाज चढवून बोलला.

"कोणाचं काम हे? इथे कोणी ठेवलं?"

नऊच्या नऊ बायका उभ्या राहिल्या.